अध्याय संपेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी ठवणी आहे. हा शब्द तुम्ही ऐकला नसेल तर ओशाळू नका. झाशीत तो आता चार-दोन मराठी घरांतच उरला आहे आणि तिथेही म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी आहे. पोथी जमिनीवर ठेवू नये म्हणून जे लाकडी आसन उघडून मांडतात, ती मी. एकाच शिसवी फळीतून कापलेल्या माझ्या दोन फळ्या एकमेकींत अशा अडकवलेल्या आहेत, की मला खिळाही लागत नाही आणि बिजागरीही. मिटले की मी फळी, उघडले की फुली.

माझी गोष्ट ऐकून तुम्हांला बरं वाटणार नाही, हे आधीच सांगते. मला स्वतःलाही ती सांगून बरं वाटणार नाही. पण ज्या घरात मी राहते तिथे एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला बोलवत नाही. उरले मी.

माझा जन्म लक्ष्मी गेटजवळच्या एका सुताराच्या हातचा. मला पुरी केल्यावर त्यानं माझ्यावर काठोकाठ भरलेला लोटा ठेवला आणि शेजारी जमिनीवर जोरानं पाय आपटला. लोट्यातलं पाणी सांडलं नाही. ही कधी हलणार नाही, असं तो म्हणाला आणि मी फुशारले. तेव्हापासून न हलणं हाच माझा धर्म झाला. पुढे या धर्मानंच माझा घात केला, पण तेव्हा मला काय ठाऊक!

मला विकत घेतलं ते एका मराठी भटजींच्या घरानं. दोन पिढ्या माझ्यावर पोथ्या वाचल्या गेल्या. मग त्या घरातला एक मुलगा मिशनच्या शाळेत मास्तर झाला, तिथं बायबल वाचू लागला आणि एके दिवशी त्यानं घरात सांगून टाकलं, की मी प्रभूचा झालो. त्याचं ताट वेगळं झालं, मग दार बंद झालं. तो निघाला तेव्हा त्याची आई राधाबाई मागच्या दारी आली. तिच्या पदराखाली मी होते. मला त्याच्या हातात देऊन ती म्हणाली, "वाचायचं ते वाच. पण जमिनीवर ठेवून वाचू नकोस."

त्यांची पुन्हा भेट झाली नाही. एवढ्या एका वाक्यावर मी त्या घरातून या घरात आले. घर बदललं, पण माणसांची नावं तीच राहिली आणि आमटीची फोडणीही तीच. माझ्यावर काळ्या कातडी बांधणीचं जाडजूड मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, आलं. पोथीपेक्षा ते जड होतं, पण मी हलले नाही.

या मास्तरांचा मुलगा म्हणजे नानासाहेब. रेल्वेच्या कचेरीत कारकून. रोज पहाटे चहानंतर शास्त्राचा एक अध्याय मोठ्यानं वाचायचा, ही रीत त्यांच्या वडिलांची. नियम मात्र नानासाहेबांचे. अध्याय ओळीनं घ्यायचे, आवडता-नावडता करायचा नाही. अध्याय तोडायचा नाही. आणि तो संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. दारावर दूधवाला ओरडला तरी नाही. नानासाहेब म्हणत, की यासाठी आपण माणसं सोडली, आता माणसांसाठी हे सोडायचं नाही. त्यात खोटं काही नव्हतं. जिची किंमत वडिलांनी आईचं दार सोडून चुकती केली, ती गोष्ट माणूस घट्टच धरणार. पण घट्ट धरता धरता मुठीत आणखी काय काय चिरडलं जातं, हे मूठ उघडल्याशिवाय दिसत नाही.

नानासाहेबांची नात देविका सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस. अध्याय चालू असताना ती चुळबुळ करू लागली, तिनं आईकडे पाहिलं, आईनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि नानासाहेबांनी पान उलटलं. थोड्या वेळानं देविकाचा फ्रॉक भिजला, सतरंजी भिजली. पोर रडलीसुद्धा नाही. अध्याय संपल्यावर नानासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हिला आज्ञापालन कळलं असं म्हणाले. तिचे वडील श्रीकृष्ण पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट चर्चमधल्या लोकांना कौतुकानं सांगत. देविका तेवढ्यात तिथून निघून जाई. आता ती ग्वाल्हेरला बँकेत आहे. मोठी झाल्यावर ती माझ्यासमोर एकदाही बसली नाही.

नानासाहेब गेले आणि वाचन श्रीकृष्णांकडे आलं. तेही रेल्वेतच होते, आता निवृत्त. माणूस वाईट नाही, मित्रांनो. उलट मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यांत सरळ. मंगळवारी कोणाला भेटायचं कबूल केलं तर अंगात ताप असला तरी जाणारा. त्यांच्यासमोर बसायची त्यांची बायको सिंधू. ती नगरकडून लग्न होऊन इथे आली. चर्चची उपासना हिंदीत, शेजारपाजार हिंदीत, बाजार बुंदेलीत. तिच्या कानांवर दिवसभरात सलग मराठी पडे ते एवढ्या वेळापुरतंच. मला वाटतं, ती देवासाठी जेवढी बसे तेवढीच त्या भाषेसाठीही बसे.

तिचं एक काम होतं. अध्याय संपला, की आधी नानासाहेब आणि पुढे श्रीकृष्ण मला फिरवून तिच्याकडे करत आणि ती पेन्सिलीनं अध्यायाखाली समासात त्या दिवसाची तारीख लिही. बारीक, सुबक आकडे. रोज एक अध्याय असं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत जायला सव्वातीन वर्षं लागतात. चाळीस वर्षांत बारा फेऱ्या झाल्या आणि तेरावी चालू होती. म्हणजे प्रत्येक अध्यायाखाली तिच्या हातच्या बारा तारखा एकाखाली एक होत्या. बाळंतपणातही तिनं एक चुकवली नाही. त्या आकड्यांवर माझा फार जीव. शास्त्र देवाचं असेल, पण समास तिचा होता.

गेल्या जानेवारीत आम्ही स्तोत्रांत होतो. एकशे सतरावं स्तोत्र आलं ते दोन वचनांचं. अख्ख्या शास्त्रात एवढा लहान अध्याय दुसरा नाही. त्या दिवशी चहा निवायच्या आत वाचन आटोपलं आणि सिंधूला हसू आलं. असा अध्याय रोज मिळाला तर मी दोन पोळ्या जास्त करीन, असं ती म्हणाली. श्रीकृष्णही हसले. या घरातलं ते शेवटचं एकत्र हसणं.

कारण त्यानंतर दोनच दिवसांनी येतो एकशे एकोणिसावा. एकशे शहात्तर वचनं. अख्ख्या शास्त्रात एवढा मोठा अध्याय दुसरा नाही. आठ-आठ वचनांचे बावीस भाग, आणि जवळजवळ प्रत्येक वचनात तुझी आज्ञा, तुझे नियम, तुझं शास्त्र. आदल्या संध्याकाळी सिंधू भाजी निवडता निवडता म्हणाली, "उद्याचा लंबा आहे. अर्धा उद्या, अर्धा परवा करू या का? दोन दिवस माझं डोकं जड आहे."

"नानांनी कधी तोडला नाही," श्रीकृष्ण म्हणाले. रागावून नव्हे, नुसतंच सांगावं तसं. ती बरं म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं होतं. चहा झाला. पावणेसहाला मला उघडलं, शास्त्र ठेवलं. दोघं शाली पांघरून बसली. पहिले तीन भाग नीट झाले. चौथ्या भागात सिंधूच्या हातातली पेन्सिल खाली पडून घरंगळत माझ्या पायाशी आली. ती उचलायला तिनं उजवा हात पुढे केला आणि तो पुढे आलाच नाही. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं डाव्या हातानं माझा पाय धरला आणि ओढला.

मित्रांनो, चाळीस वर्षांत तिनं मला असं कधी धरलं नव्हतं. वरचं शास्त्र हललं. श्रीकृष्णांनी चष्म्याच्या वरून क्षणभर पाहिलं. त्यांना वाटलं, हिला कंटाळा आला, काल म्हणाली होती ना अर्धा करू म्हणून. त्यांनी तळवा पुस्तकावर दाबून ते स्थिर केलं आणि आवाज चढवून पुढे वाचू लागले.

आणि मी? मी काय केलं? तिनं पुन्हा ओढलं, मी घट्ट उभी राहिले. लोट्याचं पाणी न सांडणारी मी! त्या वेळी एकदा, फक्त एकदा मिटले असते, पुस्तक धाडकन खाली पडलं असतं, तर वाचन थांबलं असतं. राधाबाईंनी मला क्षमा केली असती. पण मला वाटलं, हलणं म्हणजे पाप. जे श्रीकृष्णांना वाटलं तेच मलाही वाटलं. आम्ही दोघं एकाच सुताराची घडण.

त्यानंतर अठरा भाग झाले. प्रत्येक भागानंतर कागदावर बोटभर मोकळी जागा आहे. तिथे श्रीकृष्ण श्वास घेत. त्यांतल्या कुठल्याही जागेत त्यांना मान वर करता आली असती. सिंधू उठली नाही. उठू शकत नव्हती की उठायचं नसतं म्हणून बसून राहिली, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. तिच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. डोळे त्यांच्यावर होते. ते आज्ञा, आज्ञा म्हणत होते आणि समोर त्यांचं माणूस विनवत होतं.

शेवटचं वचन झालं. श्रीकृष्णांनी मला फिरवून तिच्याकडे केलं आणि म्हणाले, "तारीख."

मग त्यांनी वर पाहिलं.

शेजारच्या भैयांनी गाडी काढली. इलाइट चौराह्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. तिथं काय झालं, ते पुढे श्रीकृष्णांनी देविकाला सांगताना मी ऐकलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दिक्कत कितने बजे शुरू हुई?" आणि ज्या माणसानं जन्मात खोटं सांगितलं नाही त्यानं सांगितलं, "सवा छह बजे। किचन में।" डॉक्टर म्हणाले, आप इन्हें समय पर ले आए.

त्या वीस-पंचवीस मिनिटांनी किती फरक पडला असता? कदाचित काहीच नाही. कदाचित तिचं बोलणं वाचलं असतं. कोण सांगणार? डॉक्टरांना विचारावं तर आधी खरं सांगावं लागेल.

सिंधू तीन आठवड्यांनी घरी आली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज मात्र सगळी आहे. पुढच्या खोलीत खाट टाकून तिला ठेवलं. चर्चमधली मंडळी आली, प्रार्थना केली, सगळे श्रीकृष्णांना म्हणाले की तुम्ही धावपळ केलीत म्हणून त्या वाचल्या. देविका दर रविवारी ग्वाल्हेरहून येई. ती लहानपणापासून बापाशी मोजकंच बोलणारी, पण तिनंसुद्धा एकदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बाबा, तुम्ही होतात म्हणून." श्रीकृष्ण उठून पाणी प्यायला गेले. ते पाणी प्यायले नाहीत, नुसते माठापाशी उभे राहिले.

वाचन बंद झालं. नानासाहेबांच्या वडिलांपासून एक दिवस न चुकलेलं वाचन त्या दिवसानंतर झालं नाही. मी खोलीच्या कोपऱ्यात शास्त्र घेऊन उघडी उभी होते. माझ्यावर धूळ बसू लागली. आणि रोज पहाटे पावणेसहाला सिंधू डावा हात उचलून माझ्याकडे बोट दाखवू लागली. श्रीकृष्ण मान खाली घालत. आठ-दहा दिवस हे चाललं. मग एका सकाळी त्यांनी मला शास्त्रासकट जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

मित्रांनो, माळ्यावरचे ते दिवस मी विसरणार नाही. शेजारी फुटकी बादली, जुना पंखा. खालून पहाटेचा चहाचा आवाज येई आणि नंतर काहीच येत नसे. शास्त्रात देवानं अंधारात हाक मारल्याच्या कितीतरी गोष्टी आहेत, त्या सगळ्या माझ्या अंगावर वाचल्या गेल्या आहेत. मला कोणी हाक मारली नाही. मी हाक मारली असती तर काय म्हणून मारली असती? ज्या दिवशी ऐकायचं होतं त्या दिवशी मीही ऐकलं नव्हतं.

सिंधू मात्र रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवतच राहिली. मार्चमधल्या एका रविवारी देविका आदल्या रात्रीपासून मुक्कामाला होती, तिनं ते पहाटे पाहिलं. आई काय मागते, असं तिनं विचारलं. काय की, असं श्रीकृष्ण म्हणाले. देविका त्या कोपऱ्याकडे बघत राहिली, मग स्टूल घेऊन माळ्यावर चढली. जिनं मोठेपणी मला कधी हात लावला नाही, तिनं मला पदरानं पुसलं आणि आईच्या खाटेशी आणून उघडलं. खूण होती तिथे शास्त्र उघडलं गेलं.

तिची नजर समासावर गेली. तिनं एक पान मागे उलटलं, पुन्हा पुढे आणलं.

"बाबा, एकशे अठराच्या खाली यंदाची तारीख आहे. एकशे एकोणीसच्या खाली नाही आहे."

"राहिली असेल."

"आईकडून? चाळीस सालात एकदा नाही राहिली." तिनं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "तुम्ही तर म्हणाला होतात, वाचन झाल्यावर किचनमध्ये झालं. वाचन झालं असतं तर आईनं तारीख घातली असती ना?"

श्रीकृष्ण खुर्चीत बसले. मग त्यांनी सांगितलं. पेन्सिल पडली ते सांगितलं, तिनं ठवणी ओढली ते सांगितलं, डॉक्टरांना सांगितलेली वेळ सांगितली. "मला वाटलं, तिला कंटाळा आला," ते म्हणाले. "मी पुस्तक दाबून धरलं आणि मोठ्यानं वाचलं. अध्याय संपला नव्हता, देविका."

देविका ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. ती आईच्या पायाशी बसून होती, तिथूनच म्हणाली, "मी सहा वर्षांची होते, तेव्हा निदान फ्रॉकच भिजला."

त्यानंतर ती त्यांच्याशी बोललेली नाही. अजूनही दर रविवारी येते, आईला न्हाऊ घालते, तिची नखं कापते, औषधं भरून ठेवते आणि दुपारच्या गाडीनं जाते. बापाच्या ताटात वाढते, पण वर बघत नाही. मी तिला दोष देत नाही.

त्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. देविका आत गेल्यावर सिंधूनं पुन्हा बोट उचललं. आधी शास्त्राकडे केलं, मग नवऱ्याकडे. श्रीकृष्ण खुर्चीतून उठले. मग ते माझ्यासमोर येऊन बसले. एकशे विसावं स्तोत्र आलं होतं. मित्रांनो, ते किती वचनांचं आहे ठाऊक आहे? सात. एक दिवस, फक्त एका दिवसाचा फरक पडला असता तर! ती सात वचनं बघून श्रीकृष्णांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कोणा माणसाचा कधी ऐकला नाही.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या वचनाच्या मध्यावर सिंधूनं डावा हात उचलला.

श्रीकृष्ण थांबले. शब्द अर्धा राहिला. ते घाबरून उठले, काय होतंय, पाणी हवं का, डॉक्टरांना बोलावू का, असं विचारू लागले. तिला काहीच झालं नव्हतं. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ बघितलं आणि तिनं हात खाली ठेवला, डोळे मिटले. त्या दिवशीचं वाचन तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली, कारण तुटलेला अध्याय पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा असतो. तिनं पाचव्या वचनाला हात उचलला. तिसऱ्या दिवशी पहिल्यालाच. एकदा सहा वचनं झाली, एकच उरलं. श्रीकृष्णांनी शेवटच्या वचनाखाली बोट नेलं, मी श्वास धरून उभी होते. हात वर झाला. ते थांबले.

आज जून लागला आहे. झाशीच्या उन्हानं माझी फळी तडकते आहे. सात वचनांचा तो अध्याय अजून पुरा झालेला नाही. ही शिक्षा आहे की क्षमा, ते मला ठरवता येत नाही. श्रीकृष्णांनाही नाही, त्यांनी एकदा तिला तसं विचारलंही, आणि ती ना हो म्हणाली, ना नाही. मला वाटतं, तिला रोज एवढंच बघायचं असतं, की हात वर केला तर तो थांबतो. एवढं बघायला तिला चाळीस वर्षं लागली, आणि बघून झाल्यावर सांगायला वाचा उरली नाही.

मित्रांनो, ठवणीनं उपदेश करू नये, तिनं पुस्तक धरावं. पण एवढं एक ऐका. रोज वाचा, श्रद्धेनं वाचा, कोणाचं का असेना, तुमचं शास्त्र जमिनीवर ठेवू नका. फक्त ते इतकं उंच धरू नका, की समोरचं माणूस दिसेनासं होईल. कोणी मध्येच उठलं तर उठू द्या. कोणी ठवणी ओढली तर पुस्तक पडू द्या. पुस्तक उचलता येतं.

आज पहाटेही वाचन झालं. दुसरं वचन चालू असताना हात वर झाला. श्रीकृष्णांनी शास्त्र मिटलं आणि रिवाजाप्रमाणे मला फिरवून तिच्याकडे केलं. पेन्सिल तिच्या उशीखाली आहे. तिनं ती काढली नाही.